कायमचा पत्ता

"घरी," तो म्हणाला, आणि काचेपलीकडच्या बाईंचा शिक्का हवेतच थांबला.

प्रश्न साधा होता. "कुठे चाललात?" एवढंच त्यांनी विचारलं होतं, तेही त्याच्याकडे न बघता, पासपोर्टची पानं उलटत. याआधी चार वेळा त्याला हाच प्रश्न याच चौकीवर विचारला गेला होता आणि चारही वेळा त्यानं पाठ केलेलं उत्तर दिलं होतं: "तात्पुरत्या मुक्कामाला, व्हिसाच्या अटींनुसार." येताना बसमध्ये त्यानं ते वाक्य दोनदा मनाशी म्हणूनही पाहिलं होतं. पण ज्यांच्याकडे तो भाड्यानं खोली घेऊन राहत होता त्या बुकबाइंडर बाई काल संध्याकाळी त्याला म्हणाल्या होत्या, "सकाळी जाऊन दुपारपर्यंत या घरी, मी सूप करून ठेवते," आणि त्यातला 'घरी' हा शब्द रात्रभर आणि सकाळच्या दीड तासाच्या प्रवासभर त्याच्या जिभेखाली लिमलेटच्या गोळीसारखा विरघळत राहिला होता. तो नेमका काउंटरवर तोंडातून निसटला. शिवाय अगदी सहज निसटला. या देशाची भाषा तो अडीच वर्षं शिकत होता आणि कुठलंही वाक्य बोलण्याआधी त्याला मनातल्या मनात क्रियापद, प्रत्यय, लिंग असं सामान बांधावं लागे. आज पहिल्यांदाच काहीही न बांधता शब्द आला, बरोबर प्रत्ययासकट आला, उच्चारही त्या लोकांसारखाच लागला. व्याकरणाच्या दृष्टीनं त्यात खोट काढायला जागा नव्हती. कायद्याच्या दृष्टीनं तेवढी होती.

कारण त्याचा व्हिसा होता लांबून काम करणाऱ्यांचा. पाच वर्षांचा, कितीही वेळा ये-जा करायची मुभा असलेला. काम दुसऱ्या देशातल्या कंपनीचं, पगार तिकडचा, राहणं इकडे. अटी दोनच आणि त्या ठळक अक्षरात: एका वेळी एकशे ऐंशी दिवसांहून जास्त राहायचं नाही, आणि कायमचं घर दुसरीकडे कुठेतरी असलं पाहिजे. म्हणून दर सहा महिन्यांनी तो सकाळची बस पकडून सीमेवर यायचा, नदीवरचा पूल चालत ओलांडायचा, पलीकडच्या कँटीनमध्ये कॉफी घ्यायचा आणि कप खाली ठेवून पुन्हा पूल ओलांडून यायचा. कॉफी भिकार होती. पण तिच्यामुळे त्याचे एकशे ऐंशी दिवस पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचे, म्हणून तो ती शेवटच्या घोटापर्यंत औषधासारखी प्यायचा.

"घरी?" बाईंनी चष्मा नाकावरून खाली घेतला. चष्म्याला साखळी होती. साठीला आलेल्या, केस घट्ट बांधलेल्या, गणवेशाच्या खिशाला तीन पेनं. "तुमचं घर इथे आहे?"

"नाही, नाही. म्हणजे खोली. भाड्याची."

"पण तुम्ही घर म्हणालात."

"शब्द चुकला."

"शब्द बरोबर होता," बाई म्हणाल्या. "उच्चारही." आणि त्यांनी मागे पाटी अडकवून खिडकी बंद केली, बाजूचं दार उघडलं आणि त्याला आत बोलावलं.

आतल्या खोलीत फरशीला स्क्रूनं बसवलेल्या चार खुर्च्या होत्या, एक टेबल, एक कपाट आणि भिंतीवर आग लागल्यास कुठून पळायचं याचा नकाशा. नकाशात 'आपण इथे आहात' असा लाल ठिपका होता. तो ठिपका त्यानं बराच वेळ न्याहाळला. नुसतं 'इथे' म्हणणाऱ्या माणसाचा त्याला व्यवसायामुळे राग होता. त्याचं काम म्हणजे घरगुती यंत्रांच्या पडद्यावर दिसणारी वाक्यं आपल्या भाषेत लिहिणं. धुण्याचं यंत्र अडलं, ओव्हन जास्त तापला, फ्रिजचं दार उघडं राहिलं की जी ओळ झळकते ती त्याची. सतरा वर्षं तो हेच करत होता. त्याचं लिखाण लाखो लोक वाचत, पण फक्त काहीतरी बिघडल्यावर, आणि वाचताना बहुधा शिव्या देत. एकदा एका लग्नात कोणीतरी त्याची ओळख करून दिली, "हे लेखक आहेत," आणि समोरच्या गृहस्थांनी आदरानं विचारलं, "तुमचं काही वाचलेलं असेल का आम्ही?" तो म्हणाला, "'पाण्याचा नळ उघडा आहे का ते तपासा.'" गृहस्थ उठून खरोखरच बघून आले.

बाईंनी पासपोर्ट घेऊन नियमांचं जाडजूड पुस्तक उघडलं आणि त्या वाचत बसल्या. घड्याळात अकरा वाजायला आले होते. अकराला त्याची मीटिंग होती. मीटिंग चुकवावी तर का चुकवली ते सांगावं लागणार, आणि 'मला एका देशात शिरू देत नाहीयेत' हे सांगण्यासारखं कारण नव्हतं. त्यानं लॅपटॉप गुडघ्यावर उघडला, मागे पुस्तकांच्या कपाटाचं खोटं चित्र लावलं आणि हजर झाला. चर्चा चालली होती धुण्याच्या यंत्राच्या दाराची. 'दार उघडे आहे' असं म्हणावं की 'दार बंद करा'?

"'उघडे आहे' म्हटलं की गिऱ्हाइकाला वाटतं आपण त्याला दोष देतोय," टीमच्या मॅडम म्हणाल्या.

"आणि 'बंद करा' म्हटलं की हुकूम वाटतो," आणखी कोणीतरी म्हणालं.

त्याचं मत विचारलं गेलं. तो तोंड उघडणार तेवढ्यात बाई पुस्तक घेऊन त्याच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. पडद्यावर त्यांचा निम्मा गणवेश पुस्तकांच्या कपाटात विरून गेला आणि चष्मा, साखळी आणि तीन पेनं तेवढी अधांतरी तरंगू लागली.

"तुमच्या मागे कोण आहे?" मॅडमनी विचारलं.

"शेजारीण," तो म्हणाला आणि आवाज बंद केला.

"तुम्ही काम करताय?" बाईंनी विचारलं.

"हो. म्हणजे व्हिसाच त्यासाठी आहे."

"व्हिसा देशात काम करण्यासाठी आहे. तुम्ही अजून देशात आलेले नाहीत." बाईंनी पुलाकडे बोट केलं. "तिथून निघालेले आहात." मग काउंटरकडे. "इथे पोचलेले नाहीत. या खोलीत काम करता येतं का, याबद्दल पुस्तकात काही नाही." त्यांना ते मनापासून खटकलेलं दिसलं. त्यांनी पान मागे-पुढे करून पाहिलं. "काही नाही म्हणजे बंद करा."

त्यानं लॅपटॉप बंद केला. हुकूम वाटला खरा, पण मॅडम म्हणत होत्या तितकं वाईट वाटलं नाही. निदान काय करायचं ते कळलं.

मग बाईंनी फॉर्म काढला. कायमचा पत्ता, असा पहिलाच रकाना होता. तिथे त्यानं आपल्या गावातला आई-वडिलांचा फ्लॅट लिहिला, जिथे आता ताई एकटी राहत होती. पत्ता लिहिताना पिनकोडचे शेवटचे दोन आकडे आठवेनात. बेचाळीस की चोवीस? जन्मापासून एकोणतीस वर्षं ज्या पत्त्यावर पत्रं आली, त्याचे आकडे असे वाफ होऊन गेले होते, आणि इथल्या खोलीच्या खालच्या दाराचा सहा आकडी कोड मात्र झोपेतून उठवलं तरी बोटांनी दाबला असता. त्यानं अंदाजानं बेचाळीस लिहिलं. बाई बघत होत्या. अशा वेळी माणूस फार सहज बसल्यासारखं दाखवायला जातो आणि त्याचा पायच हलायला लागतो, तसा त्याचा हलू लागला.

"या पत्त्यावर आत्ता कोणी आहे का?" बाईंनी विचारलं. "तुमचं घर तिथेच आहे, तुम्ही तिथे परत जाणार आहात, असं त्यांनी सांगितलं तर मला पुढे जाता येईल."

"बहीण आहे. पण तिला तुमची भाषा येत नाही."

"आमचे दुभाषी गुरुवारी येतात."

आज सोमवार होता. गुरुवारपर्यंत पुलापलीकडे, त्या कॉफीच्या आधारानं? "किंवा," बाई पुस्तकावर बोट ठेवून म्हणाल्या, "प्रवाशाची हरकत नसेल तर प्रवासी स्वतः भाषांतर करू शकतो. प्रत्येक शब्द. खाली सही करायची, की काही गाळलं नाही."

त्याची हरकत नव्हती. ताईशी बोलणं आपल्याच हातात राहणार म्हटल्यावर उलट त्याला हायसं वाटलं. हे हायसं वाटणं साधारण चाळीस सेकंद टिकलं.

ताई त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली आणि दुसऱ्या दिवसापासून घरात शिकवणी घेऊ लागली. फोन स्पीकरवर टाकला होता; तो लागला तेव्हा शिकवणीच चालू होती. "मुलींनो, तिसरं उदाहरण करा, उत्तर मागे बघायचं नाही," असा आवाज आधी आला, आणि मग, "काय रे गुंड्या, या वेळेला? बरा आहेस ना?"

"ही तुम्हाला काय म्हणाली?" बाईंनी पेन उचललं. "हे नाव पासपोर्टवर नाही."

"घरातलं नाव आहे. लहानपणी मी गोल होतो. गुंडी म्हणजे शर्टाचं बटण."

बाईंनी आपल्या फोनमध्ये तो शब्द बोलून पाहिला, पडदा वाचला आणि तो त्याच्यापुढे धरला. पडद्यावर लिहिलं होतं: दहशत माजवणारा, गुन्हेगारी वृत्तीचा इसम.

"तो वेगळा शब्द आहे," तो म्हणाला. "तिच्याकडे फोटो आहे. बघा हवं तर, मी खरंच गोल होतो."

"कोण आहे तिथे?" ताईनं विचारलं. "कुणी बाई बोलतायत वाटतं?" आवाजात जी आशा उमलली ती त्यानं घाईघाईनं खुडली आणि थोडक्यात सगळं सांगितलं: सीमा, अधिकारी बाई, प्रश्न विचारतील, नीट उत्तरं दे. मग चष्मा लावल्याचा आवाज आला. फोनवर बोलायला चष्मा कशाला लागतो हे त्याला कधीच कळलं नव्हतं, पण पालकसभेत ताई असाच चष्मा लावायची.

"विचारा म्हणावं."

"त्याच्यासाठी घरात खोली आहे का?" बाईंनी विचारलं. त्यानं भाषांतर केलं.

"आहे की," ताई म्हणाली. "त्याच खोलीत तर बसलेय. सोमवार ते शुक्रवार माझ्या मुली असतात इथे, फळाही त्याच्या कपाटावरच लावलाय, पण खाट त्याचीच आहे. खाटेवर सध्या वह्यांचे गठ्ठे आहेत. आणि त्याला म्हणावं, कपाटातले ते नऊ जुने माऊस आणि वायरींचं भेंडोळं मी टाकून दिलं, विचारलं असतं तर नाही म्हणाला असता."

"खोली आहे," त्यानं भाषांतर केलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "त्या इतकं बोलल्या आणि तुम्ही दोन शब्द?"

मग त्याला सगळं सांगावं लागलं. फळा, वह्या, नऊ माऊस. बाईंनी सगळं लिहून घेतलं. 'नऊ माऊस' लिहिताना त्या थांबल्या आणि जिवंत की यंत्राचे, असं विचारून खात्री करून घेतली.

"आता मी एक विचारते," ताई म्हणाली. "बाईंना विचार, हा दिसतो कसा? फोनवर नेहमी कॅमेरा बंद ठेवतो. जेवतो की नाही कोण जाणे."

"ताई, हे असं नसतं. प्रश्न त्या विचारतात."

"तू विचार. सगळं सांगायचं ठरलंय ना?"

बाई वाट बघत होत्या. त्यानं विचारलं. बाईंनी चष्मा लावून त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, पासपोर्टवरचा फोटो पाहिला, पुन्हा त्याला पाहिलं. "फोटोपेक्षा उतरलेले आहेत," त्या म्हणाल्या. "डोळ्यांखाली काळं आहे. शर्टाला इस्त्री नाही." हे त्यानं स्वतःबद्दल, स्वतःच्या तोंडानं, आपल्या बहिणीला सांगितलं. "वाटलंच मला," ताई म्हणाली, आणि तेही त्यानं बाईंना सांगितलं, आणि बाईंनी मान हलवली. त्याला सातवीतला तो दिवस आठवला, वर्गशिक्षिका आणि ताई त्याच्या डोक्यावरून बोलत होत्या आणि तो मधे उभा राहून एकदा हिच्या हनुवटीकडे, एकदा तिच्या हनुवटीकडे बघत होता. आई-वडील नोकरीला, म्हणून शाळेत ताईच यायची. कॉलेजातून परस्पर, केसांची वेणी खांद्यावर टाकून, लांब ढांगा टाकत. तिच्याबरोबर चालताना त्याला नेहमी पळावं लागे. "चल लवकर," एवढंच म्हणायची, मागे न बघता, आणि तो दप्तर सांभाळत तिच्या टाचांकडे बघत धावायचा. रस्ता ओलांडताना मात्र मागे हात करायची. मागे बघायची नाही. नुसता हात. त्यात त्याचा हात येणारच, अशी तिची खात्री असायची.

"शेवटचा प्रश्न," बाई म्हणाल्या. "तो परत कधी येणार आहे? पुढची नक्की तारीख."

हे भाषांतर करताना त्याचा आवाज खाली गेला. अडीच वर्षांत तो दोनदा गेला होता, दोन्ही वेळा आठ-आठ दिवस. 'बघतो', 'ठरवतो', 'हे काम संपलं की' ही त्याची वाक्यं. यंत्रांसाठी त्यानं असली वाक्यं कधी लिहिली नसती, कारण त्यांत वापरणाऱ्यानं पुढे काय करायचं ते कळत नाही. ताई काय म्हणेल? खरं सांगायचं तर तिला म्हणता आलं असतं, मला काय माहीत, त्यालाच विचारा. आणि तेही त्याला प्रामाणिकपणे सांगावं लागलं असतं, सही करून.

"नऊ जून," ताई म्हणाली.

"कोण?"

"तू. नऊ जूनला येतोयस. दहा तारखेला माझ्या गुडघ्यांचं ऑपरेशन आहे, दोन्ही एकदम करणार आहेत. सांग बाईंना."

खोली होती तिथेच होती. आगीचा नकाशा, चार खुर्च्या. फोनमधून कुठलीतरी मुलगी म्हणाली, "बाई, उत्तर अपूर्णांकात येतंय," आणि ताई म्हणाली, "येऊ दे."

"तू मला सांगितलं नाहीस," तो म्हणाला.

"आत्ता सांगतेय ना. आधी सांगून काय, तू 'बघतो' म्हणाला असतास. जिने चढवत नाहीत रे आता. खाली भाजीला गेले की वर येताना मधे दोनदा बसते. सांग त्यांना, थांबल्यात त्या."

बाई खरोखरच थांबल्या होत्या, पेन कागदावर टेकवून. त्याला बोलायला हवं होतं. गुडघ्याला काय म्हणतात ते त्याला येत होतं, अवयव तिसऱ्या धड्यात होते. जिनाही येत होता. तरी ते वाक्य म्हणवेना. दुसऱ्याचं वाक्य असं आपल्या तोंडात घेऊन बसणं किती अवघड असतं. गिळावं तर सही आहे, बाहेर काढावं तर ते खरं होतं. लांब ढांगा टाकणारी ताई जिन्यात बसलेली, पिशवी मांडीवर, वरच्या पायऱ्या मोजत. मोजतच असणार, गणिताची बाई ती. आणि हे चित्र त्याला पहिल्यांदा दिसत होतं ते परक्या भाषेत, कारण तो त्याचं भाषांतर करत होता.

"नऊ जूनला मी जाणार आहे," तो शेवटी म्हणाला. "दहाला तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन आहे. तिला जिना चढवत नाही. मधे दोनदा बसावं लागतं. मला हे माहीत नव्हतं."

"शेवटचं वाक्य त्यांचं की तुमचं?"

"माझं."

"मग ते मी लिहीत नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "दोन्ही एकदम चांगलं. माझं एक केलं आणि दुसऱ्याची हिंमतच झाली नाही. त्यांना सांगा, पहिले तीन आठवडे फार त्रास होतो, पण व्यायाम चुकवायचा नाही. आणि उंच खुर्ची घ्यायला सांगा."

त्यानं सांगितलं. ताईनं विचारलं किती उंच. बाई टेबलामागून उठल्या, एक पाय जपून टाकत त्याच्याजवळ आल्या आणि हातानं उंची दाखवली. फोनवर ती दिसणार नव्हती, म्हणून त्यानं पट्टी मागून मोजली: एकोणीस इंच. ताईनं लिहून घेतली. मग फिजिओथेरपिस्ट रोज येतो का, बर्फ किती वेळ लावायचा, टाके कधी काढले, असं सुरू झालं, आणि दहा मिनिटं तो दोन बायकांच्या मधे नुसता वाहत राहिला. त्याच्याबद्दल आता कोणीच काही विचारत नव्हतं. बाहेर काउंटरपुढे रांग लागली होती आणि कोणीतरी काचेवर टकटक करत होतं.

"सगळं ठीक आहे," बाई अखेर म्हणाल्या. त्यांनी शिक्का मारला, त्याखाली हातानं तारीख घातली आणि पासपोर्ट त्याच्याकडे सरकवला. त्यानं पाहिलं. एकशे ऐंशी दिवस ऑगस्टपर्यंत जायला हवे होते. तारीख होती नऊ जून.

"हे कमी आहेत."

"तुम्हीच सांगितलंत ना, नऊ जूनला जाणार? गरजेपुरता मुक्काम देता येतो मला, पुस्तकात आहे." त्यांनी भाषांतराचा कागद पुढे केला. "इथे सही करा. काही गाळलेलं नाही."

त्यानं सही केली. नावाखाली रकाना होता, 'इतर प्रचलित नावे', आणि त्यात बाईंच्या टोकदार अक्षरात, त्यांच्या लिपीत, 'गुंड्या' असं लिहून कंसात 'बटण' असा खुलासा केलेला होता.

तो बाहेर आला तेव्हा ऊन चढलं होतं. बसथांब्यावर एक म्हातारा कंडक्टर डबा उघडून खात बसला होता. बस वीस मिनिटांनी होती. त्याला रागवायचं होतं. सतरा वर्षं तो यंत्रांसाठी वाक्यं लिहीत होता, पण त्यालाच कोणी इतक्या सफाईनं असं चालवलं नव्हतं. परक्या देशाचं सरकार, त्याचा कायदा, शिक्का आणि शाई, सगळं ताईनं शिकवणी न सोडता, एका फोनमध्ये आपल्या कामाला लावलं होतं. रागवायला म्हणून त्यानं फोन काढला आणि फोन कानाला लावेपर्यंत तो एकटाच हसायला लागला होता. कंडक्टरनं मान वर करून पाहिलं.

"सोडलं का?" ताईनं विचारलं.

"सोडलं. नऊ जूनपर्यंत. तू मुद्दाम केलंस."

"मुद्दाम काय, त्यांनी तारीख विचारली, मी दिली. मुलींना सोडलं आत्ताच. बाई चांगल्या आहेत तुझ्या. त्यांचं ते दुसऱ्या गुडघ्याचं मनावर घ्यायला सांग, असं अर्धवट ठेवू नये."

"मी तिकीट काढतोय," तो म्हणाला. आणि खरंच त्यानं फोन कानावरून काढून, ताईला स्पीकरवर टाकून, तिकिटाचं पान उघडलं. निघायची तारीख भरली. खाली दोन पर्याय होते, फक्त जाण्याचं की जाऊन-येऊन. तो थांबला. ताईला ऐकू गेलं असावं. तो थांबला की तिला लहानपणापासूनच ऐकू जायचं.

"काय झालं?"

"काही नाही. एकेरी काढू का? तुला किती दिवस लागतील, माहीत नाही ना."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग उठताना दोन्ही हात टेकल्याचा, मग एक लांब श्वास.

"परतीचंही काढ," ताई म्हणाली. "दीड महिन्यानंतरचं. तोवर मी चालायला लागेन, आणि मग तू माझ्या खोलीत नुसता लुडबुडशील."

"माझ्या खोलीत," तो म्हणाला.

"तेच ते," ताई म्हणाली. "काढलंस का?"